ड्रायरचे रसग्रहण

समीक्षा म्हणजे काय, हे मला माझ्या पहिल्या (आणि अद्याप तरी शेवटच्या) पुस्तकामुळे कळले. बँकेतल्या गमतीजमतींचे ते पुस्तक मी स्वखर्चाने छापले होते. एका मासिकात त्यावर बारा ओळींचा अभिप्राय आला. त्या बारा ओळींत अभिप्रायकाराने मला आधी भिजत घातले, मग आपटले, मग दोन्ही टोकांना धरून पिळले आणि शेवटी ‘लेखकाकडून पुढे अपेक्षा आहेत’ एवढ्या एका चिमट्यावर लटकावून तो निघून गेला. शाखेतले सहकारी म्हणाले, “काय धुतलाय रे तुला!” त्या दिवसापासून समीक्षा आणि धुलाई या एकाच कलेच्या दोन शाखा आहेत, असे माझे प्रामाणिक मत आहे. साहजिकच गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे नवे वॉशिंग मशीन घ्यायची वेळ आली, तेव्हा त्याची समीक्षा करण्याचा अधिकार घरात फक्त मलाच आहे, असे मी जाहीर केले. कोणी हरकत घेतली नाही. मी जाहीर केलेल्या गोष्टींना आमच्या घरात कोणी हरकत घेत नाही. त्या कोणी ऐकतच नाही.

त्याचे असे झाले. आमचे जुने, दोन टबांचे मशीन सोळा वर्षे इमानेइतबारे चालले. शेवटची दोन वर्षे त्याच्या पिळायच्या टबातून असा काही खडखडाट निघे, की खालच्या मजल्यावरचे आजोबा फास्ट लोकल आली असे समजून पिशवी उचलत. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, डोंबिवलीत पाऊस ऐन भरात असताना, त्याने देह ठेवला. मेकॅनिकने झाकण उघडले, आत डोकावला आणि डॉक्टर बाहेर येऊन चष्मा काढतात तसा रुमालाने हात पुसत म्हणाला, “साहेब, पार्ट मिळत नाही आता.” 

पुढचे पंधरा दिवस घरात कपड्यांचे राज्य होते. पंख्याखाली चादर, खुर्च्यांवर गाऊन, दाराच्या मुठीला मोजे, आणि माझी ऑफिसची पँट थेट देवघरासमोर दंडवत घातल्यासारखी. कोणी आले तर आधी दोन टॉवेल बाजूला सारून “या, या” म्हणावे लागे. तिसऱ्या दिवशी वाळलेल्या शर्टाला जो कुबट वास येतो, तो अत्तर लावले तर अत्तराचा कुबट वास होतो. लोकलमध्ये मला हल्ली चौथी सीट मिळू लागली होती आणि तिसऱ्या सीटवरचा गृहस्थ आपण होऊन उठून उभा राहत होता. आमच्या फ्लॅटला बिल्डरने ‘ड्राय बाल्कनी’ म्हणून एक जागा दिली आहे. घरातली सर्वांत ओली जागा तीच. तिथे उभी राहून आमची सौ. आणि धुण्याभांड्याच्या मावशी आळीपाळीने चादरी पिळत. एकीने एक टोक धरायचे, दुसरीने दुसरे. मी आतून ओरडून विचारायचो, “मदत हवी का?” आणि उत्तर यायच्या आत पेपर उघडायचो.

मी बी.कॉम. आहे. कला शाखेचा पदवीधर वस्तू आवडली म्हणून घेतो, विज्ञानाचा ती कशी चालते ते पाहून घेतो. वाणिज्याचा पदवीधर आधी तुलनात्मक तक्ता करतो. शेवटी घेतो बायको म्हणेल तीच, पण तक्ता करतो. मी डोंबिवली, कल्याण आणि ठाणे येथील दुकाने पालथी घालून अकरा माहितीपत्रके जमवली, शनिवार-रविवार वाचून काढली आणि माझी खात्री झाली, की मराठी समीक्षकांनी एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराकडे अक्षम्य दुर्लक्ष केले आहे.

प्रथम पात्रचित्रण. प्रत्येक माहितीपत्रकात एक स्त्री असते. ती पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, केस सेट करून, मशीनच्या दाराशी गुडघ्यावर बसून हसत असते. इतक्या स्वच्छ कपड्यांत इतक्या मळक्या कपड्यांकडे पाहून इतके हसणारी बाई मी उभ्या आयुष्यात पाहिलेली नाही. शेजारी एक गोंडस मूल असते आणि त्याच्या शर्टावर चिखलाचा एकच, पण कलात्मक डाग असतो. पुरुष पात्र अकरापैकी एकाही माहितीपत्रकात नाही. ही उणीव मला तेव्हा जाणवली नाही. उलट बरेच वाटले. ती जाणवायला हवी होती, पण ते पुढे येईल.

भाषाशैली अलंकारिक आहे. ‘इन्व्हर्टर’ हा सध्याचा सर्वांत लाडका अलंकार. आमच्या शेजारच्या काकांनी तो शब्द वाचून, “म्हणजे लाइट गेले तरी चालणार!” असे जाहीर केले आणि सोसायटीतल्या तिघांना तसे सांगूनही टाकले. प्रत्यक्षात या इन्व्हर्टरचा बॅटरीशी काही संबंध नाही. तो मोटरचा वेग गरजेप्रमाणे कमीजास्त करतो, त्यामुळे वीज आणि आवाज दोन्ही आटोक्यात राहतात. लाइट गेले की हेही मशीन आपल्यासारखेच खिडकीत येऊन बाकीच्या इमारतींचे गेलेत का ते पाहते. वॉरंटी हा दुसरा अलंकार, अतिशयोक्ती. ‘मोटरवर १० वर्षे’ हे अक्षर अंगठ्याएवढे आणि ‘संपूर्ण मशीनवर २ वर्षे’ हे मुंगीएवढे. म्हणजे मशीन गेल्यावरही त्याची मोटर आठ वर्षे जिवंत राहणार, आमच्या बँकेच्या पेन्शनरांसारखी.

आता संख्या. कपड्यांचे ‘७ किलो’, ‘८ किलो’ हे वजन कोरड्या कपड्यांचे असते, हे मला सेल्समनने सांगितले नाही. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, फॅमिली साइज आहे.” मी घरी येऊन स्प्रिंगकाट्यावर कपडे मोजले. मुलाची एक जीन पाऊण किलोच्या आसपास भरली. दोन डबलबेडच्या चादरी आणि चार टॉवेल मोजून झाल्यावर मला आमच्या कुटुंबाचे खरे वजन कळले. शिवाय ड्रम ठासून भरायचा नसतो. कपड्यांना आत उलटायला-पालटायला जागा लागते. हे तत्त्व विरार फास्टमध्ये कोणी पाळत नाही, म्हणून तिथून उतरणारा माणूस धुतल्यासारखा दिसतो पण स्वच्छ नसतो.

वाङ्मयप्रकार तीन. दोन टबांचे ‘सेमी’ हे दोन अंकी नाटक. पहिला अंक संपला की कपडे दुसऱ्या टबात प्रेक्षकानेच उचलून न्यायचे. वरून दार उघडणारे ‘टॉप लोड’ ही कादंबरी. मधेच उघडून विसरलेला एखादा मोजा टाकला तरी कथानकाला बाध येत नाही. आणि काचेच्या गोल दाराचे ‘फ्रंट लोड’ हे नवकाव्य. आत काय चालले आहे ते दिसते, पण हस्तक्षेप करता येत नाही आणि संपायला दोन-दोन तास लागतात. त्यातही शेवटचे ‘१ मिनिट’ हे आमच्या काउंटरवरच्या ‘एक मिनिट हं’ याच जातीचे असते.

पण नवकाव्याबद्दल पूर्वग्रह बाजूला ठेवून सांगतो, या तिघांत धुण्याचा खरा परंपरावादी तोच आहे. टॉप लोडमध्ये कपडे पाण्यात बुडवून घुसळतात. फ्रंट लोडचा ड्रम आडवा असतो. तो खालचे कपडे वर नेतो आणि थोड्याशा पाण्यात आपटतो. परत वर नेतो, परत आपटतो. घाटावरचा परीट दगडावर जे करत आला तेच. सगळे कपडे बुडवायचे नसल्याने पाणी टॉप लोडच्या निम्म्यावर भागते. आणि शेवटी पिळताना टॉप लोड मिनिटाला ७०० च्या आसपास फेरे घेतो, तर फ्रंट लोड १००० ते १४००. हा आकडा माहितीपत्रकात कोपऱ्यात असतो, पण पावसाळ्यात सगळे त्याच्यावर आहे. दोरीवर कपडा वाळायला किती वेळ लागणार, हे ढगांवर जितके अवलंबून असते तितकेच तो दोरीवर जाताना अंगात किती पाणी घेऊन गेला यावरही.

दोषही आहेत. दाराच्या रबराच्या घडीत पाणी साठते, बुरशी धरते, म्हणून धुणे झाल्यावर दार उघडे ठेवावे लागते. साबणाची पावडर फेस कमी करणारी, वेगळी लागते. पाणी तापवायचा हीटर आतच असतो, त्यावर बोअरच्या जड पाण्याने खार चढतो. आणि आमच्यासारखे टाकीच्या थेट खालच्या मजल्यावर राहणारे असतील तर नळाला दाब नसतो. टाकी डोक्यावर असून पाणी न मिळणे, हा अनुभव मॅनेजरच्या केबिनबाहेर बसणाऱ्यांना नवा नाही.

आर्थिक बाजू थोडक्यात सांगतो. जुलै २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आला, तेव्हा वॉशिंग मशीनवर २८ टक्के लावला होता. जुलै २०१८ मध्ये तो १८ टक्के केला. म्हणजे सरकारला ही चैन नाही हे कळायला एक वर्ष लागले. आमच्याकडे किती लागली ते पुढे दिसेलच. दुकानात ‘शून्य टक्के व्याज’ असा फलक होता. मी बँकेतला माणूस असल्याने तिथे जरा मोठ्याने हसलो. २०१३ साली रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसते. ते व्याज प्रोसेसिंग फी नाहीतर हुकलेली सूट अशा कुठल्यातरी खिशात लपलेले असते. मी हे सेल्समनला समजावून सांगितले. तो म्हणाला, “सर, कार्ड द्या.”

आता मुख्य विषय, ड्रायर. रसग्रहण या शब्दाला खऱ्या अर्थाने पात्र असे यंत्र हेच, कारण कपड्यातला रस ग्रहण करणे हेच त्याचे काम. पण या नावाखाली आपल्याकडे जी फसगत चालते, ती एकदा स्पष्ट झालीच पाहिजे. सेमी मशीनच्या दुसऱ्या टबाला सगळे ‘ड्रायर’ म्हणतात. तो ड्रायर नव्हे. तो गरगर फिरून पाणी बाहेर फेकतो, एवढेच. इंग्रजीला गोंधळ चालत असेल, मराठीला चालू नये. आपल्याकडे पिळणे वेगळे आणि वाळवणे वेगळे. पिळलेला पापड कोणी तळत नाही.

खरा ड्रायर गरम हवेने वाळवतो. त्याचे तीन संप्रदाय. पहिला वाफ नळीने घराबाहेर सोडतो. त्यासाठी भिंतीला भोक पाडावे लागते आणि भोकाला सोसायटीचे ना हरकत पत्र. दुसरा वाफेचे पुन्हा पाणी करून डब्यात साठवतो. तिसरा हीट पंपाचा. फ्रीजची युक्ती उलटी वापरून तो तीच तीच उष्णता फिरवतो, त्यामुळे वीज निम्म्याच्या आसपास लागते, पण वेळ जास्त घेतो आणि किंमत ऐकून घामच येतो, जो वाळवायला पुन्हा ड्रायर लागावा. या सर्वांत एक जाळी असते, तिच्यात प्रत्येक वेळी मऊ कापूस साठतो. तो कापूस बाहेरून येत नाही. तो आपल्याच बनियनचा असतो. बी.कॉम.ला तीन वर्षे मी ‘घसारा’ या विषयाची उदाहरणे सोडवली, पण घसारा हातात घेऊन पाहता येतो हे मला त्या जाळीने शिकवले.

आणि मग येतो ‘वॉशर-ड्रायर’. एकाच पोटात दोन्ही. जागेचा प्रश्न सुटतो म्हणून माझे मन तिथे रमले होते, पण तळटीप वाचली : धुण्याची क्षमता ८ किलो, वाळवण्याची ५ किलो. कॅश क्रेडिट खाते ज्यांनी हाताळले आहे त्यांना हे लगेच कळेल. मंजूर मर्यादा एक आणि प्रत्यक्ष उचल करता येणारी रक्कम दुसरी. आठ किलो धुतल्यावर त्यातले तीन किलो बाहेर काढायचे, आणि कुठे टाकायचे? दोरीवर. शिवाय यांतल्या अनेक यंत्रांना आतली वाफ थंड करायला वाळवतानाही नळाचे पाणी लागते. कपडे वाळवण्यासाठी पाणी सोडायचे, हे वाचून मी क्षणभर पुस्तक मिटून ठेवले. इतका विरोधाभास मी संतवाङ्मयात वाचला होता, घरगुती उपकरणात प्रथमच.

तक्ता पूर्ण झाला. डोंबिवलीत वर्षाचे आठ महिने सूर्य नावाचा ड्रायर विनाहप्ता, विनावॉरंटी आणि विनाआवाज उपलब्ध आहे. उरलेल्या चार महिन्यांसाठी एवढी गुंतवणूक करणे हे भांडवलाचे अकार्यक्षम वाटप होय. ‘ड्रायर : प्रकरण निकाली’ असे मी लाल शाईने लिहिले आणि खाली सही केली. सवयीने तारखेचा शिक्काही शोधला.

दुसऱ्या दिवशी माझ्या तक्त्यावर पहिला अभिप्राय मावशींकडून आला. मी तो फ्रीजला चिकटवला होता. भांडी घासून हात पुसता पुसता त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, “दादा, ह्ये दोन टबाचं परत घेऊ नका.”

मला आश्चर्य वाटले. आमच्याकडे भांड्यांचे पैसे वेगळे आणि धुण्याचे वेगळे. दोन टबांच्या मशीनला उभे राहून कपडे काढणारे-घालणारे माणूस लागते, आणि ते माणूस म्हणजे मावशी. पूर्ण आपोआप चालणारे मशीन आले तर त्यांचे धुण्याचे पैसे धोक्यात. मी तसे, शक्य तितक्या नाजूक शब्दांत, म्हणालो.

“ते खरं हाय,” मावशी म्हणाल्या. “पण माझ्याकडं घरी दोन टबाचंच हाय, तीन वरीस झाली. आमच्या चाळीत पाणी सकाळी तासभर. बादलीनं भरून ठेवायचं, टबात वतायचं, एकाच साबणाच्या पाण्यात आधी पोरांचं, मग ह्यांचं, मग पायपुसणी. तिथं दुसरं चालतच नाय. तुमच्याकडं नळ चोवीस तास हाय, मग कशाला बाईमाणसानं वाकून वल्लं धुणं उचलायचं? वल्लं धुणं लई जड असतंय, दादा. कागदावर कोरड्याचं वजन लिवलंय तुम्ही.”

अकरा माहितीपत्रके आणि एक तक्ता यांच्यावर ही एकच ओळ भारी पडली. स्वतःच्या पोटावर पाय आणणारे मत शांतपणे देणारा समीक्षक माझ्या पाहण्यात दुसरा नाही. पुस्तकाच्या वेळी मला हा समीक्षक मिळाला असता तर मी ते छापलेच नसते आणि प्रॉव्हिडंट फंड वाचला असता. त्यांच्या धुण्याच्या पैशांचे मग सौ.ने परस्पर ठरवले. पैसे तेवढेच ठेवून त्यांनी तेवढ्या वेळात दुपारच्या पोळ्या करायच्या. या निर्णयाची प्रत माझ्याकडे माहितीसाठी पाठवण्यात आली.

त्याच आठवड्यात मुलाने मला मोबाइलवर एक व्याख्यान दाखवले. हान्स रोसलिंग नावाचे एक स्वीडिश प्राध्यापक होते, २०१७ साली वारले. जगाची आकडेवारी हा त्यांचा विषय. २०१० साली त्यांनी चक्क वॉशिंग मशीनवर भाषण केले. त्यांच्या लहानपणी घरी पहिले मशीन आले तेव्हा बटण दाबायचा मान आजीने मागून घेतला, आणि मग ती खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसली व सगळे धुणे संपेपर्यंत पाहत राहिली. तिने जन्मभर चुलीवर पाणी तापवून सात मुलांचे कपडे हातांनी धुतले होते. आणि आई? आई मशीन लावून छोट्या हान्सला वाचनालयात घेऊन जायची. मशीनमध्ये कपडे घालायचे आणि त्यातून पुस्तके काढायची, असे ते गमतीने सांगतात. व्याख्यान उत्तम आहे. मी लगेच बाहेरच्या खोलीत जाऊन सौ.ला म्हणालो, “बघ, नवं मशीन आलं की तुला वाचायला वेळ मिळेल.”

ती चादरीची घडी करत होती. म्हणाली, “त्यांच्या आईचे कपडे वाळत कोण घालायचं?”

व्याख्यान मी पुन्हा पाहिले. त्याबद्दल त्यात काही नव्हते.

“अहो, तुमचा तक्ता बघितला मी,” ती पुढे म्हणाली. “युनिट लिहिलेत, लिटर लिहिलेत, फेरे लिहिलेत. एक मशीनभर कपडे दोरीवर घालायला किती वेळ लागतो, ते कुठंय?”

मला माहीत नव्हते. तेवीस वर्षे मी दुसऱ्यांचे हिशेब तपासतो आहे. कुठला रकाना कोरा सोडला आहे हे मला लांबून दिसते. हा दिसला नव्हता.

“वीस-पंचवीस मिनिटं,” ती म्हणाली. “झटकायचं, हात वर करायचा, चिमटा लावायचा. परत वाकायचं. परत हात वर.” हे सांगताना तिने हात वर करून दाखवला. उजवा हात खांद्याच्या थोडा वर जाऊन थांबला. मग तिने डाव्या हाताने त्याला आधार दिला आणि खाली घेतला, जसे काही झालेच नाही.

आता सांगतो. मार्चपासून तिचा तो खांदा जाम झालेला आहे. हे मला माहीत नव्हते असे नाही. चांगले माहीत होते. फिजिओथेरपीची बारा बिले मी स्वतः, तारीखवार लावून, टाचणी मारून, बँकेच्या मेडिकलला पाठवली होती. त्यातले एकही परत आले नाही इतकी ती चोख होती. डॉक्टरांच्या कागदावर ‘हात वर करून करायची कामे टाळावीत’ असे लिहिलेले मी वाचलेही होते आणि त्या कागदाची झेरॉक्सही काढली होती. फक्त तो कागद आणि आमच्या ड्राय बाल्कनीतली दोरी यांचा माझ्या डोक्यात कधी मेळ बसला नाही. एक नोंद वैद्यकीय खात्यात होती, दुसरी घरखर्चाच्या. दोन्ही खाती जुळलेली होती आणि हिशेब चुकलेला होता.

“मग आपण ड्रायर घेऊ या की,” मी म्हणालो. आवाज जितका उदार लागायला हवा होता तितका लागला नाही.

“ड्रायर कशाला? तुम्हीच तर लिहिलंय, सूर्य आहे. ते बरोबरच आहे. मला दोरी चालते हो, वास छान येतो उन्हात वाळलेल्या कपड्यांना.” ती घडी कपाटात ठेवत म्हणाली, “फक्त दोरीपाशी हात कुणाचा, ते ठरवा.”

मला त्या क्षणी माहितीपत्रकातली ती हसरी बाई आठवली. तिच्या शेजारी कोणी नाही म्हणून मला बरे वाटले होते ना, त्याचे कारण आता कळले. ड्रायर ही गोष्ट डोंबिवलीत लागते की नाही, हा प्रश्न मी ऊन, वीज आणि किंमत यांवर सोडवला होता. तो तसा सुटतच नाही. ज्या घरात कपडे वाळत घालणाऱ्याला ते फुकट वाटत नाही पण बाकीच्यांना वाटते, त्या घरात दोरी जगातली सर्वांत स्वस्त वस्तू ठरते. तिचे बिल दुसरीकडे येते, आणि मी ते वसूल करून घेतले होते.

आम्ही फ्रंट लोड घेतले. ७ किलोचे, मिनिटाला १४०० फेऱ्यांचे. नळाला दाब वाढवणारा छोटा पंप बसवला. ड्राय बाल्कनीतली जुनी दोरी काढून छताला दोरखंड ओढून खाली घेता येणाऱ्या नळ्या लावल्या. त्या खाली आणायच्या, कपडे घालायचे, पुन्हा वर खेचायच्या. झेंडावंदनाचा सराव असलेल्या माणसाला अवघड नाही. मशीन पहिल्यांदा सुरू झाले तेव्हा आई खुर्ची घेऊन समोर बसली, तीही स्वीडनच्या आजीसारखी पाहत राहिली, आणि अर्ध्या तासाने म्हणाली, “निरमा घातलायस का? फेस दिसत नाही.”

ड्रायरची फाइल मात्र बंद केलेली नाही. सौ.चा निर्णय असा, की हा पावसाळा संपेपर्यंत वाळत घालण्याचे काम माझे. “तुम्ही कंटाळलात तर ड्रायर घेऊ.” या वाक्यातली अर्थघनता मला अजून पुरती उलगडलेली नाही. सोळा वर्षे ती कंटाळली असेल तेव्हा काय घ्यायचे, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

रात्री साडेदहाला मशीन ट्यँव करते आणि मी सोफ्यावरून उठतो. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटे लागली. शर्ट कॉलरला टांगले ते उभ्या उभ्या फाशी दिल्यासारखे दिसत होते. चादर न झटकता टाकली ती सकाळी तशीच, सुरकुत्यांसकट वाळली. टॉवेल एकावर एक घातले ते तीन दिवस पुरले. चौथ्या दिवशी मला शोध लागला, की मोजे नेहमी जोडीने टाकले तरी एकेकटेच निघतात, आणि पाचव्या दिवशी समोरच्या इमारतीतल्या बाल्कनीत एक गृहस्थ बनियनवर उभे राहून हेच करताना दिसले. आम्ही एकमेकांकडे पाहून मान हलवली. ओळख नाही, पण व्यवसायबंधू.

आता माझा वेळ बावीस मिनिटांवर आला आहे. परवा रात्री कपडे घालून नळ्या वर खेचल्या आणि मागे वळलो तर सौ. दारात उभी. हातात पुस्तक होते, बोट पानात घालून मिटलेले. तिने वरून खालपर्यंत पाहिले. शर्ट घेराला चिमटे लावून उलटे टांगलेले, चादर ताठ, दोन टॉवेलांमध्ये बोटभर अंतर. एक मोजा तेवढा खाली पडला होता. तो तिने डाव्या हाताने उचलून माझ्या हातात दिला.

“बरं आहे,” ती म्हणाली. “पुढे अपेक्षा आहेत.”